चेन उघडली होतीस का?

९ जानेवारी

मामा,

नमस्कार. काल मी वॉर्डात आले होते, ते तुम्हाला कळलं होतं. डोळ्यांवर बँडेज असलं तरी माझ्या बुटांचा आवाज तुम्ही ओळखता. आठ वर्षं तो तुमच्या अँब्युलन्सच्या मागच्या पायरीवर ऐकलाय. मी खुर्ची ओढली आणि तुम्ही कूस बदलून भिंतीकडे तोंड केलंत. मग काय करणार? टेबलावरची औषधं वाचल्यासारखं केलं आणि निघाले.

जिन्यात मामी मागून आल्या. म्हणाल्या, "ते म्हणतायत, तिला एवढंच विचार, चेन उघडली होतीस का. उत्तर आलं की बोलू. तोपर्यंत यायचं नाही."

"कसली चेन गं?" त्यांनी मलाच विचारलं.

म्हणून हे पत्र. तुम्हाला वाचता येणार नाही, मामी वाचून दाखवतील. मामी, माझं अक्षर धावत्या गाडीत लिहायची सवय असलेलं आहे. लागलं नाही तिथे सोडून द्या, पण तुमच्या मनाने भर घालू नका.

आधी मामींसाठी, कसली चेन ते सांगते. आमच्या स्टेशनच्या आवारात दर फेब्रुवारीत सराव असतो. मोठा अपघात झाला असं समजायचं. कॉलेजची मुलं लाल रंग फासून इकडेतिकडे पडतात आणि आम्ही टेक्निशियन रंगीत पट्ट्या घेऊन धावतो. लाल पट्टी म्हणजे आधी हा. पिवळी म्हणजे थोडं थांबेल. हिरवी चालता येणाऱ्याला. काळी म्हणजे पुढे जा. माणसं जास्त आणि हात कमी असतात तेव्हा हे करावंच लागतं. मामी, तुमचे यजमान गेली कित्येक वर्षं तिथे काळी पट्टी मागून घेतात. म्हणतात, आपल्याला मेलेल्याचंच काम जमतं. उन्हात आडवं पडायचं आणि कोणी हात लावायचा नाही. एका वर्षी साहेब भोंग्यावरून ओरडले होते, "काळी पट्टीवाला घोरतोय, त्याला कोणीतरी उठवा!"

माझं पहिलं वर्ष होतं तेव्हा हे गळ्यापर्यंत चेन लावलेला जाड रेनकोट घालून पडले होते. मी वाकले, कान लावला, छाती हलताना दिसली नाही, काळी पट्टी बांधली आणि पुढे पळाले. मागून आवाज आला, "ओ डॉक्टरीणबाई!" हे उठून बसलेले. "चेन उघडली नाहीत. आत मी श्वास घेत होतो. तुम्ही मारलंत मला." सगळं आवार हसलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तेव्हापासून माझं नाव डॉक्टरीणबाई, आणि तेव्हापासून जाड कपड्यातल्या माणसाची चेन उघडल्याशिवाय मी त्याच्याबद्दल काही ठरवत नाही.

तर ही ती चेन.

बर्फाच्या कारखान्याबाहेर काय झालं ते लोक बोलतायत, तुमच्याही कानावर आलं असेल. ड्रायव्हर आत धावला आणि ती बाई बाहेर उभी राहिली. खरं आहे. तुम्ही गाडी बरोबर लावली होतीत, वारा पाठीशी, तोंड रस्त्याकडे, चावी जागेवर. मग एक कामगार खोकत बाहेर आला आणि म्हणाला की अमोनिया गॅसची नळी फुटलीय, बर्फाच्या हॉलमध्ये दोघं राहिलेत. त्याने तुमच्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. तुम्ही टॉवेल ओला केलात. मी तुमचा शर्ट धरला, तो हातातून सुटला. मी मागून आत आले नाही. दारात आधी थांबायचं. नाक, कान, डोळे, मग पाय. हे तुम्हीच माझ्याकडून घोकून घेतलंत. त्या दिवशी तुमचे पाय आधी गेले. ते मला समजतं. तुमच्या जागी मी असते तर... ते मला माहीत नाही.

प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात लिहिते. कंट्रोलचा फोन वाजतोय.

डॉक्टरीणबाई


१७ जानेवारी

मामा,

घरी सोडलं, हे ऐकून बरं वाटलं. मामी सांगत होत्या, पत्र तुम्ही दोनदा वाचून घेतलंत आणि शेवटी नुसतं "हं" म्हणालात. तो हं मला पाठ आहे. मी चुकीचा रस्ता सांगितला की तुम्ही असंच हं म्हणायचात आणि गाडी बरोबर रस्त्याला घ्यायचात.

मामींनी आणखी एक सांगितलं. धाकटे गेल्यावर वहिनी आता तुमच्याकडेच राहायला आल्यात, आणि पत्र वाचताना त्याही तिथेच बसणार. चांगलं झालं. त्यांनी एकटं राहू नये. वहिनी, तुम्हाला नमस्कार. हॉस्पिटलच्या दारात तुम्ही मला विचारलं होतंत, "तुम्ही तिथे होतात ना? ह्यांना ओळखलंत का?" मी तेव्हा सांगितलं तेच आजही सांगते. त्या गडबडीत कोणाचाच चेहरा ओळखू येत नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, माझ्याही.

मामा, त्या दिवसाचं साहेबांना सांगितलं तसंच तुम्हाला सांगते, कारण तुम्ही धड शुद्धीत नव्हतात आणि लोक तिखटमीठ लावतात. अग्निशमनवाले हवेची नळकांडी पाठीला लावून आत गेले आणि त्यांनी तिघांना बाहेर आणलं. पॅकिंगमधली मुलगी, धाकटे आणि तुम्ही. वाऱ्याच्या वरच्या बाजूला तिघांना ओळीत ठेवलं आणि ते पाइप घेऊन परत गेले, कारण गॅस अजून बंद झाला नव्हता. दुसरी गाडी फाटकाजवळ अडकली होती. तिथे मी एकटी. ऑक्सिजनचा सिलिंडर एक, मास्क दोन. आधी धाकट्यांना बघितलं, कारण ते हलत नव्हते. हनुवटी उचलली. श्वास नव्हता. परत उचलली. नव्हता. पुढे गेले. मुलीला मास्क, तुम्हाला मास्क, दोघांच्या डोळ्यांवर पाणी. दुसरी गाडी आली.

एवढंच साहेबांच्या कागदावर आहे आणि ते खरं आहे. तुम्ही विचारलंत ते यात नाही, हे मलाही दिसतंय. मामी, इथे मामा "हं" म्हणतील. म्हणू द्या.

ती मुलगी आता बोलते. आवाज बसलाय, पण बोलते. तिच्या आईने स्टेशनवर येऊन तुमची चौकशी केली.

थंडी आहे. डोळ्यांत धूर जाईल असं काही घरात पेटवू नका.

डॉक्टरीणबाई


२९ जानेवारी

मामा,

तुमच्या जागी तात्पुरता एक ड्रायव्हर दिलाय. त्याला सगळे ब्रेक म्हणतात, कारण तेवढं सोडून बाकी सगळं तो वापरतो. माणूस वाईट नाही, पण गाडी तोंड आत करून लावतो आणि मी वर गेले की मोबाइलवर मॅच बघतो. तुमचा हॉर्न त्याला सांगितला. मी जिन्यात दिसेनाशी झाले की थोड्या वेळाने एकदा वाजवायचा, मी खिडकीत येऊन हात दाखवायचा, नाही दाखवला तर पोलिसांना फोन. तो म्हणाला, "मॅडम, तुमची लव्ह मॅरेजची सिस्टिम आहे का ही?"

गेल्या आठवड्यात एक कॉल आला. बाई घरात पडली, डोक्याला लागलं, तिसरा मजला.

दार अर्धं उघडं होतं. बनियनमधला एक माणूस हसतमुख उभा. "या, या मॅडम." मी उंबऱ्याच्या बाजूला उभी राहिले, दाराच्या मधोमध नाही. नाकाला फिनेलचा वास आला, फरशी नुकती पुसलेली. टीव्ही मोठ्याने लावलेला आणि बघायला कोणी नाही. सोफ्याखाली खुर्चीचा मोडलेला पाय. मी तिथूनच परत फिरायला हवं होतं, हे तुम्ही आत्ता मनात म्हणालात ते मला ऐकू आलं. पण आतून ती बाई "पाणी" म्हणाली. मी दार लागू नये म्हणून बॅग उंबऱ्यात ठेवली, तुम्ही शिकवल्यासारखी, आणि दोन पावलं आत गेले.

त्याने अगदी अदबीने बॅग उचलली. "अहो, जड आहे, मी आणतो ना." आणि टाचेने दार लोटलं. कडी लावली.

खाली हॉर्न वाजला नाही.

बाई स्वयंपाकघराच्या दारात पडलेली होती. कानाच्या वर जखम, रक्त थांबत आलेलं, शुद्ध होती. ब्लाउजवर पुरुषाचा शर्ट घातलेला, गळ्यापर्यंत बटणं. मानेला कॉलर लावायची म्हणून मी वरची दोन बटणं उघडली. गळ्यावर बोटं उमटली होती. चार एका बाजूला, एक दुसऱ्या. तिने माझ्याकडे बघितलं. तो माझ्या डोक्यावर उभा होता, त्याच्या श्वासाला दारूचा वास नव्हता. त्यानेच जास्त भीती वाटली.

"काय झालंय तिला?" त्याने विचारलं. म्हणजे मी काय म्हणते ते त्याला ऐकायचं होतं.

"मान अवघडलीय," मी म्हटलं. "बाथरूममध्ये पाय घसरला ना? ओल्या फरशीवर रोज एक तरी केस असते." आणि कॉलर लावून वरचं बटण परत लावलं.

त्याचे खांदे खाली आले. "तेच तर. मी रोज सांगतो हिला."

मामा, तुम्ही एकदा म्हणाला होतात की रागातल्या माणसाचे हात रिकामे ठेवू नयेत. मी म्हटलं, "दादा, तुमच्यासारखा धट्टाकट्टा माणूस घरात आहे म्हणून बरं. माझा ड्रायव्हर म्हणजे नुसता हाडांचा सापळा. हा सिलिंडर तुम्ही घ्या. नाही, असा नाही, दोन्ही हातांनी, छातीशी धरून. पडला तर फुटतो." त्याने लहान मूल घ्यावं तसा तो घेतला. मग दाराकडे बघून म्हणाला, "आता कडी कशी काढू?"

"मी काढते की," म्हटलं.

कडी काढली, जिन्यात जाऊन ब्रेकच्या नावाने अशी बोंब मारली की खालच्या दोन्ही मजल्यांची दारं उघडली. शेजारी बाहेर आले की मला धीर येतो. ब्रेक स्ट्रेचर घेऊन धावत आला. खाली त्या माणसाला मी पुढच्या सीटवर बसवलं. "नातेवाइकांनी पुढे बसायचं, नियम आहे." असा काही नियम नाही, पण ब्रेकनेही मान हलवली. शहाणा होतोय हळूहळू.

मागचं दार लागल्यावर ती बाई म्हणाली, "तुम्हाला दिसलं ना?"

"दिसलं."

"मग तसं काही दाखवलं नाहीत?"

"तिथे दाखवलं असतं तर आपण दोघी इथे नसतो."

हॉस्पिटलमध्ये पोहोचल्यावर डॉक्टरांना आणि चौकीवरच्या हवालदाराला सगळं सांगितलं. त्या माणसाला तिथेच थांबवून घेतलं. बाई बरी आहे. तिची बहीण तिला घेऊन गेली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या गाडीचं मागचं दार तीनदा आतून उघडून बघितलं. ब्रेकने बघितलं. तेव्हापासून तो हॉर्न वाजवतो. दर मिनिटाला वाजवतो. कॉलनीतून तक्रार आलीय.

मामा, दिसलेलं चेहऱ्यावर न आणणं मला जमतं. फार चांगलं जमतं. त्याबद्दल तुम्हाला काही सांगायचंय, पण असं नाही.

डॉक्टरीणबाई


७ फेब्रुवारी

मामा,

हे पाकीट चिकटवलेलं आहे. मामींना सांगितलंय, तुमच्याच हातात द्या, आणि तुम्ही एकटे असाल तेव्हा. त्यांनी कारण विचारलं नाही. काल त्याच म्हणाल्या की डॉक्टरांनी जाड भिंगांचा चष्मा दिलाय, मोठं अक्षर वाचता येतं. म्हणून मोठं काढतेय.

दुसरंही सांगितलं. सोमवारी तुम्ही स्टोअरमध्ये बदली मागणारा अर्ज देणार आहात. "कापसाचे गठ्ठे सांभाळीन, पण तिच्या गाडीवर नाही," असं म्हणालात. मी महिनाभर टाळलं त्याचं हे फळ.

हो. चेन उघडली होती.

जाड जाकीट, कारखान्याचं, आत कापूस भरलेलं. त्याच्यावरून छाती दिसणं शक्य नव्हतं. धोक्याची घंटा सारखी वाजत होती, म्हणून कानाचा उपयोग नव्हता. चेन मध्ये अडकली. मी दोन्ही हातांनी ओढली आणि ती खाली आली.

आत तुमचा स्वेटर होता.

आपल्या गणवेशाचा निळा स्वेटर, बिल्ल्यासकट, सीट बेल्टने घासून खांद्यावर रंग उडालेला. क्षणभर मला वाटलं, तुम्हीच. मग बिल्ल्याच्या कडेचा तपकिरी दोरा दिसला. मामींना निळा मिळाला नव्हता म्हणून त्यांनी तपकिरी घातला होता, आणि तुम्ही आठवडाभर कुरकुरत होतात, "बिल्ला आहे की बुटाची शिवण?" नवीन स्वेटर मिळाल्यावर जुना तुम्ही धाकट्यांना दिलात. बर्फात काम करतो, घाल म्हणालात. मी तेव्हा गाडीतच होते.

म्हणजे मी ओळखलं. चेहऱ्यावर फेस होता, तो पुसायच्या आधीच ओळखलं. हा माणूस मला ताई म्हणायचा. माझ्याहून मोठा असून ताई म्हणायचा आणि वर स्वतःच हसायचा.

फेस पुसला. हनुवटी उचलली, गाल तोंडाजवळ नेला, तळहात बिल्ल्यावर ठेवला. काही नाही. परत उचलली. नियमात सांगितलाय तेवढा वेळ थांबले. पूर्ण थांबले. पण त्याच्यापुढे जराही नाही. झोप येत नाही ती त्या "जराही"मुळे. मग खिशातून काळी पट्टी काढून त्याच्या मनगटाला बांधली आणि उठले.

त्याची छाती दाबायला बसले असते तर माझे दोन्ही हात तिथे अडकले असते. त्या मुलीचा घसा सुजत होता, श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि शिट्टी बारीक होत चालली होती. तिच्यापलीकडे तुम्ही. तुम्हाला मास्क लावला, डोळ्यांवर पाणी ओतायला लागले तर तुम्ही मला शिव्या दिल्यात. तुम्हाला आठवत नसेल. मग विचारलंत, "धाकटा कुठाय?" मी म्हटलं, "दुसऱ्या गाडीवाले बघतायत त्याला." दुसरी गाडी तेव्हा आली नव्हती. तो तुमच्यापासून हाताच्या अंतरावर होता. तुम्ही हात पसरला असतात तर लागला असता. म्हणून मी तुमचा तो हात गुडघ्याखाली दाबून धरला होता. मनगटावर वळ होता ना? तो गॅसचा नाही.

वहिनींना मी नाही का म्हटलं? त्यांनीच सकाळी तो स्वेटर त्याच्या अंगात घातला होता. ओळखलंत का, याला मी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, ओळखूनही? त्या प्रश्नासमोर उभं राहायची ताकद त्या दरवाजात माझ्याकडे नव्हती. आणि नंतर पत्रं त्यांच्यासमोर वाचली जात होती. चेन उघडली म्हटलं की आतलं सगळं बाहेर आलं असतं. त्यांना काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. त्यांनी मला विचारलं तर आता मी खोटं बोलणार नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. आत कोणता स्वेटर आहे हे तुम्हाला माहीत होतं. म्हणजे चेन उघडली का, असं विचारताना तुम्ही दोन प्रश्न विचारत होतात, आणि दुसरा तोंडाने विचारायचा नव्हता म्हणून पहिला विचारलात.

मामा, मी माफी मागायला हे लिहिलेलं नाही. तसेच तिघं उद्या माझ्यासमोर ओळीत ठेवले तर मी तेच करीन. तुम्ही शिकवलंत म्हणून नाही. मला ते बरोबर वाटतं म्हणून. पण ते बरोबर आहे आणि ते मी धाकट्यांच्या बाबतीत केलंय, या दोन्ही गोष्टी घेऊन मी रोज गाडीत चढते, आणि पुढच्या सीटवर मॅचचा स्कोअर सांगणारा माणूस असतो. त्याला यातलं काय सांगू?

उत्तर आलं की बोलू, असं तुम्ही म्हणाला होतात. उत्तर दिलंय.


२१ फेब्रुवारी

मामा,

सराव संपल्यावर तुम्ही मामींचा हात धरून निघून गेलात. मी पट्ट्या गोळा करून येईपर्यंत फाटकाबाहेर पोहोचला होतात. शिवाय सगळा वेळ तुमचे डोळे मिटलेले होते. म्हणून तुम्हाला जे दिसलं नाही ते लिहिते.

तुम्ही येणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पत्राला उत्तर नव्हतं, दोन आठवडे मामींचाही निरोप नव्हता. मी धरून चालले होते की तुम्ही स्टोअरमध्ये गेलात.

यंदा साहेबांनी भंगारातली बस आणून आडवी टाकली होती. कॉलेजची मुलं रंग लावून आत-बाहेर पडलेली. ब्रेकला मोडक्या पायाचं काम दिलं होतं आणि तो कोणी हात लावायच्या आधीच "आई गं, मेलो गं" करत होता. मी त्याला पिवळी बांधली. तो म्हणाला, "मॅडम, लाल द्या की, एवढा ओरडतोय." मी म्हटलं, "एवढं ओरडता येतंय म्हणूनच."

मग बसच्या मागे वळले.

तुम्ही मातीत उताणे पडला होतात. अंगात कारखान्याचं जाड जाकीट, चेन गळ्यापर्यंत. ते कुठून आणलंत ते मी विचारत नाही. पहिल्यांदा मी थांबले, दारात थांबायचं तशी. फिनेलचा वास नाही, गॅसचा नाही. ऊन होतं. एक पोरगं मागून ओरडत होतं, "ताई, इकडे, ताई, रक्त!" मी गुडघ्यावर बसले आणि चेन धरली. ती मध्ये अडकली.

दोन्ही हातांनी ओढली. आत निळा स्वेटर. नवीन, तुमचा. बिल्ल्याची शिवण निळीच.

तुम्ही श्वास रोखून धरला होतात. तुमची छाती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, जिना चढताना दर पायरीला थांबता असं मामी सांगतात, तरी धरला होतात. गळ्याची शीर फुगली होती. मी हनुवटी उचलली. गाल जवळ नेला. तळहात बिल्ल्यावर ठेवला. काही नाही. परत उचलली. काही नाही, पण तळहाताखाली तुमचं काळीज नुसतं धडाधडा उडत होतं. तसं ते त्या दिवशी उडत नव्हतं, मामा. मी नीट बघितलं होतं. आज तुमच्या छातीवर हात ठेवला आणि मला पक्कं कळलं की मी नीट बघितलं होतं.

वेळ पूर्ण झाला. हात उचलायचा होता. तो उठेना. मी काळी पट्टी बोटांत धरून तशीच बसले. ते पोरगं "ताई, ताई" करत राहिलं, भोंग्यावरून साहेब काहीतरी म्हणाले, आणि मी तिथेच. या भागात तुम्ही काय ऐकलंत ते मला माहीत नाही. माझा आवाज झाला असेल तर तो रडण्याचा होता.

तेव्हा डोळे न उघडता तुम्ही म्हणालात, "पुढे जा, पोरी."

आठ वर्षांत डॉक्टरीणबाई सोडून दुसरं काही म्हणाला नव्हतात.

मी पट्टी बांधली आणि गेले. मागे तुमचा खोकला सुरू झाला, लांबलचक, थांबेचना. मी वळून बघितलं नाही. बसच्या पलीकडे लाल पट्टीचे तिघं होते. तिघांपर्यंत पोहोचले.

नंतर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "सराव चांगला झाला, पण आमचा काळी पट्टीवाला बोलला. आधी घोरायचा, आता बोलतो. पुढच्या वर्षी दुसरा मुडदा शोधा." सगळे हसले. मीही हसले. मग त्यांना बाजूला घेऊन विचारलं की स्टोअरच्या बदलीचा अर्ज आला का. म्हणाले, "कसला अर्ज?"

वहिनी फाटकाशी उभ्या होत्या. किती वेळ होत्या कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मान हलवली नाही, पण फिरवलीही नाही. त्या येतील तेव्हा येतील. त्या विचारतील ते मी सांगीन, एवढा निरोप त्यांना द्या.

आणि हो, काळी पट्टी तुमच्या मनगटावरच गेली. सरावाच्या पट्ट्या परत जमा कराव्या लागतात, तुम्हाला माहीत आहे. मामींच्या हाती पाठवू नका. सोमवारी माझी सकाळची पाळी आहे. ब्रेकला सांगून गाडी तोंड बाहेर करून लावून ठेवते.

तुमची,
डॉक्टरीणबाई